व्याह्यांसाठी साठ लिटर

व्याह्यांसमोर माणसाने हवेबद्दल बोलावं, रस्त्यांबद्दल बोलावं, फार तर आपल्या गुडघ्यांबद्दल बोलावं. आकडा मात्र तोंडातून काढू नये. रॉस टेलफरचं अख्खं आयुष्य आकड्यांत गेलं, पण एवढं शहाणपण त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रॉसचा धंदा नुकसान मोजण्याचा. मोझगिल गावापासून पार किनाऱ्यापर्यंत कुणाच्या छपरावर झाड पडलं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, की विमा कंपनी रॉसला पाठवायची. हा माणूस फूटपट्टी घेऊन ओल्या गालिच्यावर गुडघे टेकायचा आणि सांगायचा, "एवढा भाग आधीपासूनच कुजलेला होता." तरीही लोक त्याला चहा पाजायचे. खोटं बोलत नाही म्हणून त्याला मान होता आणि खोटं बोलत नाही म्हणूनच त्याला कुणी लग्नकार्यात भाषणाला उभं करत नसे. आता मात्र त्याच्या स्वतःच्याच मुलीचं लग्न होतं.

मोरागचा होणारा नवरा जेरेमी मुलगा चांगला होता, प्रश्न त्याच्या बापाचा होता. क्विन्टन हॅस्लेट यांचे डोंगरापलीकडे द्राक्षमळे होते आणि त्यांची वाइन परदेशी जात असे. ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा रॉसने मेंढीच्या भाजलेल्या तंगडीबरोबर आपली घरची बिअर पुढे ठेवली. हॅस्लेटनी ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, त्यात नाक घातलं, एक घोट घेतला आणि म्हणाले,

"गंमतशीर आहे."

आता त्या मुलखात "वाईट नाही" ही मोठी पदवी असते. मुलगा डॉक्टर झाला तरी बाप "वाईट नाही" म्हणून विषय बदलतो. पण "गंमतशीर" हा शब्द लोक दुसऱ्याच्या पडद्यांसाठी राखून ठेवतात. रॉसचे कान लाल झाले.

"लग्नात ठेवू की एखादा जग," हॅस्लेट प्रेमाने म्हणाले. "कोपऱ्यात. तुमची हौस म्हणून. बाकीचं आमच्याकडे लागलं."

"बिअर माझ्याकडून," रॉस म्हणाला.

"हो, तोच जग..."

"सगळी. साठ लिटर."

नोलीनने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली. ती जेरेमीला बसली. तो बिचारा "हो, हो, उत्तमच" म्हणून मोकळा झाला आणि अशा रीतीने ठराव दोन्ही पक्षांकडून संमत झाला.

इथे रॉसच्या बिअरबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. डब्यातला तयार पाक पाण्यात कालवणाऱ्यांतला तो नव्हता. तो अख्खं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, स्वतः भरडायचा. ते जाळीच्या टोपलीत घालून गरम पाण्यात भिजवायचं, त्यातून उतरलेला गोड काढा उकळायचा, उकळताना हॉपची कडू फुलं टाकायची आणि पुढचं यीस्टवर सोपवायचं, असा तो खटाटोप. गेली काही वर्षं मात्र हे काम एक यंत्र करत होतं. स्टीलचं कमरेएवढं उंच पातेलं, पोटात पंप, बुडाशी शेगडी आणि सगळ्याची सूत्रं फोनवरच्या ऍपकडे. पाणी तापलं की ऍप वाजायचं, फुलं टाकायची वेळ झाली की पुन्हा वाजायचं. एकदा एका जळलेल्या स्वयंपाकघरात रॉस घरमालकिणीचं सांत्वन करत असताना त्याच्या खिशातून "उकळी आली, अभिनंदन!" असा आवाज आला होता. त्या बाईने तक्रार केली नाही, पण चहाही दिला नाही.

हे यंत्र एका वेळी वीस लिटर बिअर करायचं. साठ लिटरसाठी तेच तीनदा लावावं असं कुणालाही वाटेल. नोलीनलाही वाटलं. पण तीन वेळची बिअर तीन चवींची होते आणि व्याह्यांच्या नाकाला तो फरक टिपता येतो, हे रॉसने तिला समजावून सांगितलं. हट्टाला कारण जोडण्यात शिकलेल्या माणसाचा हात कुणी धरू शकत नाही. नाताळाच्या आधी एका हौशी माणसाकडून त्याने त्याच यंत्राचा थोरला भाऊ विकत आणला. तो पिंपाएवढा होता आणि गॅरेजमध्ये उभा राहिला की पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

शेजारचा डेस डूली पहिल्याच दिवशी कुंपणावर हात ठेवून उभा राहिला. डेस निवृत्त प्लंबर होता. निवृत्त झाल्यापासून त्याचा कामाशी संबंध सुटला होता आणि सल्ल्याशी वाढला होता.

"केवढं रे हे! आत कोण राहणार आहे?"

"साठ लिटर करायचेत, डेस. मोरागच्या लग्नाला."

"मग सोपं आहे. सगळं तिप्पट."

दुर्दैव असं, की रॉसचंही नेमकं हेच मत होतं. ऍपमध्ये पाककृती वाढवण्याचं बटण होतं. रॉसने ते दाबलं तेव्हा माल्ट जवळपास तिप्पट आलं, पण पाणी तिपटीपेक्षा बरंच कमी दिसलं. रॉसने कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला आणि ऍपची चूक सुधारली.

चूक काय होती ते ऐकण्यासारखं आहे. लहान यंत्रात बुडाशी थोडा काढा अडकून राहायचा, थोडा वाफेवर उडून जायचा. ही तूट धरून रॉस नेहमी जास्तीचं पाणी घालायचा. आता त्याने ती तूटही तिप्पट धरली. पण मोठ्या पातेल्याच्या बुडाशी अडकतं ते जवळपास तेवढंच आणि वाफही साधारण तेवढीच जाते. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या नुकसानीचे फुगवलेले आकडे कापले, त्याने स्वतःच्या घरात न झालेलं नुकसान तिप्पट लावलं होतं. ऍपला हे ठाऊक होतं, पण ऍपला रॉसच्या हुद्द्याची भीड पडली असावी.

चाचणीच्या दिवशी काढा उकळला, फुगला आणि पातेल्याच्या काठावरून अतिशय सावकाश, प्रतिष्ठितपणे बाहेर आला. डेस तेव्हा नेमका वाकून शेगडीविषयी सल्ला देत होता.

"माझे बूट!" डेस ओरडला.

"पाण्याने निघेल. साखरच आहे नुसती."

"साखर आहे हे कळलं रे, मला पाऊल उचलता येत नाहीये!"

पुढचे कित्येक दिवस टेलफरांच्या गॅरेजमध्ये चालताना चप्पल मागे राहायची. नोलीनने एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त गाडी बाहेर लावायला लागली. तिचं हे न बोलणं रॉसला फार लागलं.

पाण्याचा हिशेब सुटला तर विजेचा उभा राहिला. थोरल्या यंत्राला दोन वायरी होत्या. एक साधी आणि एक जाड, आणि जाड वायरीच्या प्लगची अर्थिंगची पात इतकी रुंद, की घरच्या भोकात ती जाणारच नाही. तसं भोक बसवायला परवानाधारक वायरमन लागतो. आणि जानेवारीत त्या देशात वायरमन मिळणं म्हणजे चमत्कारच, कारण तिथे तेव्हा ऐन उन्हाळा असतो आणि नाताळ झाला की अख्खा देश तंबू घेऊन समुद्रावर जातो. रॉसने फोन केलेल्या सगळ्या वायरमनांच्या आवाजामागे लाटा ऐकू येत होत्या. एक तर मासा गळाला लागलेला असताना बोलत होता. "महिनाअखेरीस बघू, साहेब. अरे, ओढ, ओढ! तुम्हाला नाही म्हणालो."

"कानस आण," डेस म्हणाला. "पात दोन्हीकडून घासली की जाते आत. माझ्या वेल्डिंगच्या मशीनची घासलीय, माझ्या भावाची घासलीय, पाद्रीबुवांच्या हीटरची तर मीच घासून दिलीय."

"डेस, मी हे ऐकलं नाही."

"का?"

"उद्या पाद्रीबुवांचं घर जळलं तर मला तिथे जावं लागेल."

गावात प्रत्येक घरी एक तरी घासलेला प्लग होता आणि रॉस टेलफर आला की तो उशीमागे जात असे. खुद्द रॉसने एका माणसाचा सबंध दावा अशाच घासलेल्या पातीपायी नाकारला होता. त्या दिवशी तो गॅरेजमध्ये कानस हातात धरून बराच वेळ उभा राहिला. व्याही, मुलगी, साठ लिटर, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग त्याने कानस परत खिळ्याला टांगली. हे कुणी पाहिलं नाही. पण एवढ्या खटाटोपात मनापासून टोपी काढावी असं काही असेल, तर ते हे.

त्याऐवजी त्याने एकटी साधी वायर लावायचं ठरवलं. चाचणीतही यंत्र तसंच चाललं होतं, फक्त अर्ध्या जोरावर. सकाळी लावलेल्या काढ्याला उकळी फुटायला संध्याकाळ होणार होती. हरकत नव्हती. रॉसने रजा टाकली.

मध्यंतरी हॉलचंही प्रकरण झालं. लग्न गावाबाहेरच्या सार्वजनिक हॉलमध्ये होतं आणि हॉल समितीच्या सेक्रेटरी थेल्मा यांनी रॉसला बोलावून घेतलं. थेल्मांच्या नाकावरचा चष्मा नियमांसाठी होता आणि गळ्यातला माणसांसाठी.

"बिअर विकणार की वाटणार?"

"मुलीचं लग्न आहे हो, थेल्माबाई. वाटणार."

"पाहुणे आहेर आणणार?"

"आणतील की."

"पाकिटं?"

"काहीजण आणतील."

"पाकीट दिलं आणि बिअर घेतली, तर ती विनापरवाना विक्री झाली असं कुणी म्हणू शकतं. मी म्हणत नाही. पण कुणी म्हणू शकतं."

शेवटी आहेराचं टेबल आणि बिअरचं टेबल यांच्यामध्ये नवरा-नवरी उभे करायचे, असा तोडगा निघाला. म्हणजे पाकीट मोरागला पोचतं आणि बिअरचा त्याच्याशी संबंध राहत नाही. थेल्मांनी तशी टीप लिहून घेतली आणि जाता जाता विचारलं, "कडू असते का फार?"

खऱ्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं, आणि हेच वाईट लक्षण. आता अडचण एकच. भिजलेल्या माल्टची टोपली काढ्यातून वर उचलायची आणि निथळत ठेवायची. लहान यंत्राची टोपली रॉस हाताने उचलायचा. ही टोपली भिजल्यावर एखाद्या गलेलठ्ठ मेंढ्याच्या वजनाची झाली होती आणि रॉसची कंबर त्याच्या नोकरीइतकीच जुनी होती आणि चाचणीतल्या एका उचलण्याने ती आधीच धरली होती.

इथे डेस डूलीच्या बुद्धीला नमस्कार करायला हवा. त्याने तुळईला कप्पी लावली. दोराचं एक टोक टोपलीला बांधलं आणि दुसरं गॅरेजच्या दाराच्या खालच्या कडेला. दार विजेवर वर-खाली होणारं. रिमोट दाबला की दार खाली येणार आणि टोपली वर जाणार.

"दार बंद, टोपली वर. दार उघडं, टोपली खाली," डेस म्हणाला. "न्यूटनला सुचलं नसतं."

बटण दाबलं. मोटर कण्हली. दार उतरू लागलं आणि ती अवजड टोपली खरोखरच पाणी गाळत, वाफा सोडत, एखाद्या देवतेच्या रुबाबात वर चढली. रॉसच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला वाफेचं होतं.

टोपली टांगून निथळत राहिली. बाजूच्या छोट्या दारातून वारा येत होता. खाली काढा अर्ध्या जोरावर तापत होता. दोघांनी सँडविच खाल्ली. डेसने आपली दुसरी बायपास शस्त्रक्रिया सविस्तर सांगितली. शेवटी ऍप वाजलं, "उकळी आली, अभिनंदन!", काढा खदखदू लागला आणि त्याच वेळी दातांच्या दवाखान्यातलं काम संपवून नोलीन घरी आली. त्या दिवशी पावसाचा शिडकावा होता. गाडी आज तरी आत लावावी म्हणून तिने कोपऱ्यावरूनच, सवयीने, आपल्या पर्समधला रिमोट दाबला.

दार उघडू लागलं.

"अगं, नको!" रॉस ओरडला, पण टोपलीने ऐकलं नाही. ती खळखळत्या काढ्यात धप्पकन बसली. डेस उडी मारून फ्रीजवर चढला. बायपास झालेला माणूस एवढी उडी मारेल असं त्याच्या डॉक्टरला वाटलं नसतं.

"बंद कर! बंद कर दार!"

नोलीनने बटण दाबलं. दार उतरू लागलं, टोपली वर आली. पण काय झालंय ते बघायला नोलीन धावत दारात आली होती आणि दारात कुणी आलं की दार आपोआप उलटं फिरतं. सुरक्षेसाठी. ती सोय रॉसनेच आग्रहाने बसवून घेतली होती. दार वर, टोपली खाली. नोलीनने दचकून मागे सरत पुन्हा बटण दाबलं. दार खाली, टोपली वर. तेवढ्यात डेस मदतीला म्हणून फ्रीजवरून उतरून दाराकडे धावला.

"डेस, दारातून बाजूला हो!"

"मी मदत करतोय!"

"मदत करू नकोस!"

चहाची पुरचुंडी कपात बुडवावी, काढावी, पुन्हा बुडवावी, तशी ती टोपली उकळत्या काढ्यात कितीतरी वेळा डुबक्या मारून आली. शेवटी नोलीननेच जाऊन भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं. तिघेही वाफेत उभे.

"मला फक्त गाडी आत घ्यायची होती," नोलीन म्हणाली.

बिअर करणाऱ्यांच्या जगात एक नियम आहे. माल्टचं साल कधीही उकळू द्यायचं नाही. साल उकळलं की त्यातला तुरटपणा उतरतो, आणि तो काही केल्या जात नाही. रॉसला हे पाठ होतं. दुसरं माल्ट मागवायचं तर दुकानदारही समुद्रावर. तरी त्याने फुलं टाकली, काढा निववून पिंपात ओतला, यीस्ट सोडलं. पिंप मोरागच्या जुन्या खोलीत, लग्नाच्या पोशाखापासून शक्य तितकं लांब ठेवलं. ते आठवडाभर गुडगुडत राहिलं आणि नोलीन दर तासाला जाऊन पोशाखावर चादर नीट करत राहिली.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना रॉसने बिअर छोट्या पिंपांत काढली आणि पहिला ग्लास भरला. रंग सुंदर, फेस दाट. घोट घेतला आणि त्याच्या जिभेने टाळूला घट्ट धरलं. किटलीत विसरलेला चहा दुसऱ्या दिवशी प्यावा, तशी चव.

"वाईट नाही," डेस म्हणाला. पण तो हे खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"बाजारातून आण," नोलीन हळूच म्हणाली. "पिंपांत भर. कुणाला कळणारेय? मी कुणाला सांगणार नाही, डेस सांगणार नाही."

"मी सांगेन," डेस प्रामाणिकपणे म्हणाला, "पण लग्नानंतर."

रॉस दुकानात गेला. थंडगार कपाटांपुढे उभा राहिला. रोज लोकांना "ही वस्तू खरोखर तुमचीच होती का?" असं विचारणारा माणूस. आपण व्याह्यांना दुसऱ्याची बिअर आपली म्हणून पाजणार, ते ग्लास नाकाशी नेणार आणि आपण हसून बघणार, हे चित्र त्याने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मग फक्त ब्रेड आणि दूध घेऊन परत आला.

"तुरट तर तुरट," तो म्हणाला. "माझी आहे."

लग्न साजरं झालं. मोराग सुंदर दिसत होती. बापाने "पोशाखाला बिअरचा वास लागला नाही ना?" एवढंच विचारून घेतलं. नवरा-नवरी दोन टेबलांच्या मधोमध उभे राहिले. थेल्मांनी चष्मा बदलून खात्री केली. हॉलच्या मागे मात्र हॅस्लेटांची ट्रेलर उभी होती आणि तिच्यावर घट्ट ताडपत्री. जेरेमीने रॉसला हळूच सांगितलं, "बाबांनी थोडी बिअर आणून ठेवलीय. उगाच, आपली खबरदारी. लागली तरच काढू." ताडपत्रीची दोरी सुटली की टेलफर घराण्याची अब्रूही सुटणार, हे रॉसला स्पष्ट दिसलं. तो त्या ट्रेलरकडे पाठ करून उभा राहिला.

हॅस्लेट बिअरच्या टेबलापाशी आले. लोक आपोआप बाजूला झाले. त्यांनी ग्लास भरून घेतला, उजेडात धरला, गोल फिरवला, नाक घातलं. घोट घेतला. गिळला नाही, तोंडात घोळवला. रॉसने नोलीनचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी रुतली.

शेवटी हॅस्लेटनी घोट गिळला. मग म्हणाले,

"रॉस, हे लाकडात किती महिने ठेवलंत?"

"काय?"

"हा तुरटपणा हो! जिभेवर कसा बसतो बघा. आम्ही परदेशातून ओकची पिंपं मागवतो, वर्ष वर्ष वाट बघतो, तेव्हा कुठे वाइनला अशी धार येते. तुम्ही बिअरला आणलीत?"

डेसला खोकला लागला.

"लाकूड नाही," रॉस म्हणाला. खोटं त्याला येतच नव्हतं. "टोपली बुडवली. उकळीत. पुन्हा पुन्हा."

"मुद्दाम?"

"नाही. नोलीनने..."

"वा, वहिनी!" हॅस्लेट नोलीनकडे वळून झुकले. पुढचं रॉसला बोलायला मिळालंच नाही, कारण हॅस्लेट सबंध हॉलला सांगू लागले की ही घाईघाईने प्यायची बिअर नव्हे, घोळवायची आहे. पाहुण्यांत मेंढपाळ होते, शिक्षक होते, बँकवाले होते. ज्यांनी पहिला घोट घेऊन ग्लास हळूच कुंडीमागे ठेवले होते, ते जाऊन आपापले ग्लास शोधून आले. सगळे घोळवू लागले. "मला आधीच वाटलं होतं," पाद्रीबुवा म्हणाले. डेस चार माणसांना घेऊन कोपऱ्यात कप्पीचं तंत्र समजावत होता आणि त्यात न्यूटनला आता दुय्यम जागा होती.

रॉस एका बाजूला उभा राहून बघत राहिला. ताडपत्री तशीच होती. शेवटच्या पिंपाला तोटी लावली होती आणि तिच्यापुढे रांग होती.

मोराग पोशाखाचा घोळ सावरत त्याच्याजवळ आली. तिच्या हातात रिकामा ग्लास होता. तिने बापाच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, काय झालं रे या बिअरला?"

"का?"

"चहाची किटली चाटल्यासारखी लागते."

"तू प्यायलीस?"

"दोन ग्लास. मी तुझी मुलगी आहे, मला प्यावीच लागते. पण या बाकीच्यांना काय झालंय?"

रॉसने तिच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग तिच्या हातातला ग्लास घेतला आणि रांगेच्या शेवटी, व्याह्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.